सोलगोलचा मुका भोंगा

"आत गेला! ताई, शप्पथ, भोंग्याच्या आत गेला!"

हानग्योलने सायकल रस्त्यातच आडवी टाकली आणि मान वर करून तो नाचायला लागला. मागून येणाऱ्या ग्यूरीने करकचून ब्रेक दाबले. तिच्या मागे दाओम होती. ती थेट ग्यूरीच्या चाकावर येऊन आदळली.

"कोण गेलं आत?" ग्यूरी वैतागली. "पोहायला जायचंय ना आपल्याला? दर दहा पावलांवर तुझं काहीतरी असतंच!"

"पक्षी! चोचीत अळी होती. बघ, बघ, परत निघाला!"

ओढ्याच्या काठावर एक उंच लोखंडी खांब होता. त्याच्या टोकाला चार दिशांना तोंडं केलेले चार करडे भोंगे. त्यांतल्या एकातून काळ्या डोक्याचा, पांढऱ्या गालांचा एक इवलासा पक्षी भुर्रकन बाहेर पडला आणि पाइनच्या झाडीत दिसेनासा झाला. मागोमाग भोंग्यातून चिवचिवाट ऐकू आला. एक नाही, चांगला चार-पाच पिल्लांचा!

तेरा वर्षांची ग्यूरी आणि तिचा दहा वर्षांचा भाऊ हानग्योल उन्हाळ्याच्या सुट्टीत सुवॉनहून मावशीकडे सोलगोलला आले होते. बारा वर्षांची दाओम ही मावशीची मुलगी.

"हा खांब कसला गं?" ग्यूरीने विचारलं.

"पुराचा. वर डोंगरात ढगफुटी झाली की वाजतो. तीन वर्षांपूर्वी पलीकडच्या खोऱ्यात अचानक लोंढा आला होता. इथे लख्ख ऊन आणि पाणी धाडकन अंगावर! दोघं जण वाहून गेले. त्यानंतर प्रांत सरकारने आपल्या खोऱ्यात असे तीन खांब उभे केले."

खांबावर पाटी होती. ग्यूरीने ती मोठ्याने वाचली. "भोंगा वाजताच ओढ्यातून बाहेर पडा. चाचणी दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी, सकाळी दहा वाजता. नदी विभाग, प्रांत कार्यालय." ती थबकली. "म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी हा वाजला असणार. मे-जूनमध्येही वाजला असणार. मग इतक्या कानठळ्या बसणाऱ्या जागी पक्ष्याने घरटं कसं काय केलं?"

"बहिरा असेल," हानग्योल म्हणाला.

"पक्षी?"

"नाहीतर त्याची बायको बहिरी असेल. घर बायकोच पसंत करते."

"दाओम, तू ऐकलायस का कधी हा भोंगा?"

दाओम आठवू लागली. "बुधवारी दहाला मी शाळेत असते. आणि सुट्टीत..." ती ओशाळली. "सुट्टीत मी अकरापर्यंत झोपते."

खाली ओढ्यात दीडशे-दोनशे माणसं तरी होती. कुणी पाण्यात टरबूज गार करत ठेवलं होतं, कुणी तंबू ठोकला होता. कमरेला रबरी टायर अडकवलेली चिमुरडी पोरं पाण्यात डुंबत होती. ग्यूरीची नजर त्यांच्यावरून वर भोंग्याकडे गेली आणि पोहायला जायचा तिचा उत्साहच मावळला.

"मावशीला विचारू या," ती म्हणाली.

* * *

ओक्रानमावशीचं पार्लर म्हणजे सोलगोलची बातम्यांची पेढी! केसांना रोलर लावून पाच आज्या रांगेत बसल्या होत्या. मधोमध भिंतीवर चौकटीत एक पत्र लटकत होतं: 'श्रीमती नो ओक्रान यांची प्रांताच्या नागरिक तपासनीस म्हणून नेमणूक करण्यात येत आहे.' सरकारी कामात कुठे कुचराई दिसली, तर ती कळवायची असं ते काम. मावशीला पत्र मिळून दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत तिने चौकट मात्र नियमित पुसली होती.

"भोंगा ना? वाजतो की!" मावशी म्हणाली. "मी ऐकलाय."

"कधी?"

"कधी म्हणजे... वाजतो तेव्हा!"

"अगं, तो गावच्या मुखियाचा लाउडस्पीकर," पहिली आजी म्हणाली. "पुराचा भोंगा वेगळा. तो कुईं-कुईं करतो."

"कुईं-कुईं रुग्णवाहिका करते. भोंगा भों करतो."

"मी ऐकलाय बाई, पण अगदी बारीक. लांब कुठेतरी गाय हंबरावी तसा."

"सोलगोलमध्ये गाय कुठे आहे?"

"म्हणून तर म्हणते, भोंगाच असणार!"

ग्यूरी वही उघडून बसली होती. दहा मिनिटांनी तिच्या वहीत पाच आज्यांची सहा उत्तरं जमली. एकीने ऐकला होता, एकीने नव्हता, दोघींना खात्री नव्हती, आणि पाचवीने आधी 'हो' आणि नंतर 'नाही' सांगितलं होतं.

"बुधवारी दहाला तू काय करत असतेस, मावशी?"

"हे काय, केस वाळवत असते!" मावशीने ड्रायर चालू केला. घर्रर्र! आता तिथे भोंगा काय, तोफ उडाली असती तरी कुणाला कळलं नसतं.

"मला काहीच कळत नाहीये," ग्यूरी म्हणाली.

"मलापण नाही," हानग्योल आनंदाने म्हणाला. "मजा येतेय!"

दाओमने आईच्या नावाने सरकारच्या तक्रारींच्या संकेतस्थळावर अर्ज लिहिला: 'सोलगोलचा पहिला भोंगा वाजतो का?' तिसऱ्या दिवशी उत्तर आलं.

'तिन्ही यंत्रे सुस्थितीत आहेत. मागील चाचणी एक जुलै, सकाळी दहा वाजता यशस्वी. आपल्या आस्थेबद्दल आभार.'

"झालं!" मावशीने सुस्कारा सोडला. "वाजतो म्हणतायत ना ते? विषय संपला."

"मग घरटं?" तिन्ही मुलं एकदमच म्हणाली.

दुसऱ्या अर्जासोबत त्यांनी फोटो जोडला. भोंग्याच्या कडेवर पक्षी, चोचीत अळी, मागे पाच उघड्या चोची. या वेळी दोनच दिवसांत उत्तर आलं. हानग्योलने ते खुर्चीवर उभं राहून वाचलं.

"'आपला अर्ज वन्यजीव विभागाकडे पाठवण्यात आला आहे. छायाचित्रातील पक्षी वल्गुली जातीचा असून निरुपद्रवी आहे. कृपया घरट्याला धक्का लावू नये.'"

पार्लरमध्ये हसण्याचा असा काही स्फोट झाला की एका आजीचा रोलर निसटून घरंगळत दारापर्यंत गेला. ग्यूरी मात्र हसली नाही. "आपण विचारलं भोंग्याचं, उत्तर आलं पक्ष्याचं! यांच्यातलं कुणी वाचतं तरी का?"

"हे बघ बाळा," मावशी हळूच म्हणाली, "मी केस कापणारी बाई. मोठ्या कार्यालयांना सारखं सारखं छेडणं बरं दिसत नाही."

"मग ते पत्र कशाला लावलंय, आई?" दाओमने फटकन विचारलं.

मावशी रोलर उचलायला दारापर्यंत गेली, तिथेच थोडा वेळ उभी राहिली. परत आली ती हात पुसतच. "काय मागवायचं म्हणतेस, ग्यूरी?"

"चाचणीचे अहवाल. तपासनिसाला मागता येतात. नेमणुकीच्या पत्रातच लिहिलंय, तिसऱ्या परिच्छेदात."

"तिसराही परिच्छेद आहे?" मावशी पत्राजवळ गेली आणि तिने चष्मा लावला.

* * *

अहवाल आले ते जाडजूड पाकिटातून. दोन वर्षांचे, महिन्याला एक असे चोवीस कागद. प्रत्येकावर तीन ओळी, तीन खांब. प्रत्येक ओळीत वेळ, निकाल आणि शेवटी एक रकाना: 'प्रत्यक्ष आवाज ऐकणारी व्यक्ती'.

मुलांनी सगळे कागद पार्लरच्या जमिनीवर पसरले. सोमवार होता, पार्लर बंद. मावशी उकडलेली मक्याची कणसं घेऊन आली.

"दुसऱ्या खांबापुढे नुसतं 'वाटसरू' लिहिलंय," ग्यूरी म्हणाली. "चोवीस वेळा वाटसरू! तिसऱ्यापुढे 'प्यो दोक्सू'. आणि पहिल्यापुढे..."



"पहिल्यापुढे काय?" हानग्योलने मान घुसवली. "अरे! मावशी, हे तुझंच नाव आहे! सही पण आहे!"

मावशीच्या हातातलं ताट तिरपं झालं आणि एक कणीस कागदांवर पडलं.

"मावशी, तू दर महिन्याला सही करतेस?" हानग्योलने दोन कागद शेजारी शेजारी धरले. मग तीन. मग चार. "आणि दर वेळी एकाच जागी अंगठ्याचा डाग पाडतेस? हा बघ, तपकिरी. इथे पण. इथे पण!"

डाग केसांच्या कलपाचा होता. चोवीस कागदांवर एकच डाग, एकाच आकाराचा.

मावशी खुर्चीत बसली. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत, आरशासमोर. "एकदाच केली होती," ती आरशाकडे बघत म्हणाली. "पत्र आलं त्याच महिन्यात. कंत्राटदाराचा माणूस आला होता, मेंग म्हणून. 'तुम्ही तपासनीस ना? नुसती सही पाहिजे, बाकी मी भरतो,' म्हणाला. दुकानात गर्दी होती. हाताला कलप होता. मी केली."

"न वाचता?" दाओमने विचारलं.

"न वाचता."

"आणि भोंगा?"

"नाही ऐकला, दाओम. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही."

दाओम उठली आणि दार ढकलून बाहेर गेली. आईचा इतका राग तिला याआधी कधी आला नव्हता. राग नक्की कशाचा, ते मात्र तिला समजेना. सहीचा? की दोन वर्षं ती चौकट रोज पुसल्याचा? ओढ्यावर उद्याही शंभर पोरं डुंबणार होती, आणि कागदावर तिच्या आईने लिहून दिलं होतं की काळजीचं कारण नाही!

ग्यूरी तिच्यामागून बाहेर आली. दोघी पायरीवर बसून राहिल्या.

"तुझ्या आईचं नाव बाहेर आलं तर गावात बोलतील लोक," ग्यूरी चाचरत म्हणाली. "मग आपण... थांबायचं का?"

"मला काय माहीत!" दाओमचे डोळे भरून आले. "तू मोठी आहेस, तूच सांग ना!"



तेवढ्यात दार उघडलं. मावशी उभी होती, हातात पेन आणि कागद. "मी लिहिलंय. वाचू का?" तिने कागद समोर धरला. "'पहिल्या खांबापुढील सही माझी आहे. परंतु मी आवाज ऐकलेला नाही. ही माझी चूक आहे. बुधवारच्या चाचणीला मी स्वतः आपल्या कार्यालयात हजर राहीन.' बरोबर आहे का गं शुद्धलेखन?"

दाओमने नाक ओढलं. "'स्वतः'चा विसर्ग राहिलाय," ती म्हणाली आणि तिने पेन घेतलं.

* * *

आता राहिला तो प्यो दोक्सू. त्याने चोवीस वेळा आवाज ऐकला होता, म्हणजे साक्षीदार पक्का! दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांनी सायकली काढल्या. तिसरा खांब खोऱ्याच्या अगदी वरच्या टोकाला होता. तिकडची वस्ती वेगळ्या गावची, त्यामुळे दाओमचीही तिथे ओळखदेख नव्हती.

खांबाजवळ ओढ्याच्या काठाने लाकडी ओटे मांडलेली एक खानावळ होती. एक वाळकुडे आजोबा मोठ्या पातेल्यात कोंबडी उकळत बसले होते.

"आजोबा, प्यो दोक्सू इथेच राहतात का?" ग्यूरीने वाकून अदबीने विचारलं.

आजोबांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "दोक्सूकडे काय काम काढलंत?"

"सरकारी काम आहे," हानग्योल छाती काढून म्हणाला. "त्यांची साक्ष घ्यायची आहे."

"साक्ष!" आजोबांचा डाव हवेतच राहिला. "काय केलं त्याने? कुणाला चावला का?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. चावला?

"दोक्सू! ए दोक्सू! बाहेर ये, पाहुणे आलेत तुझे!"

ओट्याखाली काहीतरी हललं. आधी एक ओलं नाक आलं, मग पांढऱ्या मिश्या, मग एक म्हातारं, पिवळं, जाडं कुत्रं. त्याने जांभई दिली, तिघांना हुंगलं आणि हानग्योलच्या बुटावर डोकं टेकून ते पुन्हा झोपी गेलं.



"हे... हे प्यो दोक्सू?" ग्यूरीने अहवालाचा कागद पुढे केला. आजोबांनी तो हात लांब धरून वाचला आणि ते असे हसायला लागले की पातेल्यावरचं झाकणच त्यांच्या हातून पडलं.

"तो मेंग! दोन वर्षांपूर्वी जेवायला आला होता. विचारत होता, 'या खांबाजवळ कायम कोण असतं?' मी म्हटलं, कायम म्हणशील तर फक्त आमचा दोक्सू. पठ्ठ्याने माझं आडनाव लावून टाकलं की!" हसता हसता ते एकदम थांबले. त्यांनी वर पाहिलं. भोंगे रानवेलीच्या हिरव्यागार जाळीत गुरफटून गेले होते. "म्हणजे पोरांनो... हा कधी वाजलाच नाही? मला वाटायचं, माझे कान गेलेत."

"उद्या दहा वाजता आजोबा, तुम्ही इथे उभे राहाल?" दाओम म्हणाली. "काय ऐकू येतं तेवढंच फोनवर सांगायचं."

"उभा काय, खांबाला मिठी मारून राहतो!"

* * *

नदी विभागाचं कार्यालय शहरात, बसने सव्वा तासावर. मावशी आपला चांगला निळा कोट घालून आली होती. सोबत ग्यूरी. पहिल्या खांबाखाली दाओम, दुसऱ्याखाली हानग्योल आणि तिसऱ्याखाली प्यो आजोबा.

बान साहेब तिशीतले, घाईत असलेले गृहस्थ होते. त्यांच्यासमोर मोठ्या पडद्यावर अख्ख्या प्रांताचा नकाशा होता, त्यावर ठिपकेच ठिपके.

"तुमचं पत्र वाचलं," ते मावशीला म्हणाले. "सहीचं काय ते आम्ही पाहू. पण यंत्रांबद्दल तुमचा काहीतरी गोंधळ झालाय. बघा तुम्हीच." घड्याळात दहा वाजले. त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर सोलगोलचे तीन ठिपके लुकलुकले आणि तिन्ही हिरवे झाले. "तीनही खांब वाजले. समाधान?"

ग्यूरीने फोन कानाला लावला. "दाओम?"

"काही नाही! पिल्लं ओरडतायत तेवढंच."

"आजोबा?"

"ओढ्याचा आवाज येतोय. आणि दोक्सू घोरतोय."

"हानग्योल?"

फोनमधून असा काही भोंकार आला की ग्यूरीने तो हातभर लांब धरला. भोंऽऽऽऽ! आणि त्यातून हानग्योलची किंकाळी. "ताईऽऽ! वाजतोय! माझं आइस्क्रीम पडलं!"

बान साहेबांनी फोनकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा फोनकडे. "पण तिन्ही हिरवे आहेत," ते पुटपुटले.

"एकच वाजला," ग्यूरी म्हणाली.

"असं कसं होईल? हिरवा म्हणजे वाजला."

"साहेब," मावशीने विचारलं, "हिरवा म्हणजे वाजला, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

बान साहेब उठले. त्यांनी कपाटातून यंत्राची पुस्तिका काढली, तिच्यावरची धूळ झटकली. पानं उलटता उलटता त्यांचा चेहरा उतरत गेला. मग त्यांनी कंत्राटदाराच्या मेंगला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला.

"मेंग, हिरवा दिवा म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे इथून इशारा पाठवला, साहेब."

"पाठवला. तिथे वाजला की नाही?"

"ते... ते दिव्यावरून नाही कळत. ते तिथे जाऊन ऐकायला लागतं."

"आणि तू जात होतास?"

"नव्वद खांब आहेत साहेब माझ्याकडे. एकाच सकाळी, सगळे दहा वाजता. मी एकटा. पडदा हिरवा दिसायचा, मी रकाना भरायचो. जुनी सही चिकटवायचो. कुणी विचारलंच नाही कधी."

बान साहेबांनी फोन ठेवला. ते मेंगवर ओरडतील असं ग्यूरीला वाटलं होतं. पण ते नुसतेच पडद्याकडे बघत बसले.

"आजींना ऐकू यायचा तो दुसरा खांब!" ग्यूरीच्या डोक्यात एकदम उजेड पडला. "तो मधल्या दरीत आहे, तिथे कुणी राहत नाही. म्हणून गावात बारीक यायचा, लांबून गाय हंबरल्यासारखा! आणि म्हणूनच सगळ्यांना वाटायचं, भोंगे चालू आहेत!"

"शनिवारपर्यंत दुरुस्ती होईल," बान साहेब उठत म्हणाले. "मी स्वतः येतो. खांब चढता येतो मला."

आणि ते खरंच आले. मेंगही आला होता, खाली मान घालून. पहिल्या खांबाची केबल रस्ता रुंद करताना तुटली होती. तिसऱ्याचं सौरपॅनेल वेलीने झाकून टाकलं होतं, त्यामुळे बॅटरी केव्हाच संपली होती. घरट्याला मात्र कुणी हात लावला नाही. पिल्लं उडून जाईपर्यंत त्या भोंग्याची तार सोडून ठेवायची आणि बाकीच्या तीन भोंग्यांवर काम भागवायचं, असं ठरलं. वन्यजीव विभागाचं लेखी उत्तर होतंच ना!

जाताना बान साहेबांनी मावशीचा आणि प्यो आजोबांचा फोन नंबर लिहून घेतला. "यापुढे बटण दाबलं की लगेच तुम्हाला विचारणार," ते म्हणाले.

* * *

त्या शनिवारनंतर बारा दिवसांनी, दुपारी अडीच वाजता, सोलगोलमध्ये कडक ऊन होतं. ओढा माणसांनी फुलला होता. मुलं खडकावर बसून टरबूज खात होती.

भोंऽऽऽऽऽ!

सगळं खोरं दणाणलं. हानग्योलच्या हातातली फोड पाण्यात पडली. "आज बुधवार आहे?"

"नाही!" दाओम ताडकन उभी राहिली. "आज गुरुवार आहे!"

पण ओढ्यातलं कुणीच हललं नाही. माणसं माना वर करून बघत होती. "काय आहे हे? कसला आवाज?" "कारखान्याची सुट्टी असेल." "चाचणी असणार, चाचणी." एका बाईने तर पोराच्या कमरेचा टायर नीट करून त्याला पुन्हा पाण्यात सोडलं. आकाश निळंशार होतं. पुरावर विश्वास तरी कसा बसावा?

"बाहेर या! लोंढा येतोय!" दाओम खडकाखडकांवरून धावत सुटली. "काकू, पोराला उचला! सामान राहू द्या!" हानग्योलने पातेल्यावर झारा बडवत दुसरा काठ धरला. ग्यूरीने एका तंबूची दोरीच सोडली. तो आत झोपलेल्या काकांच्या अंगावर कोसळला. काका शिव्या देतच बाहेर आले, पण बाहेर आले! गोंधळलेली, चिडलेली, अर्धवट ओली माणसं काठ चढू लागली.

मावशी पार्लरमधून हातात कंगवा घेऊनच धावत आली होती. तिच्या एप्रनच्या खिशात फोन वाजत होता. बान साहेबांचा.

"नो ओक्रान बाई, बटण दाबलंय! ऐकू येतोय का?"

"काय? काय म्हणताय?" मावशी ओरडली. "मोठ्याने बोला! इथे भोंगा वाजतोय, काही ऐकू येत नाही!"

पलीकडून बान साहेबांचा आवाज आला. "एवढंच विचारायचं होतं, बाई!"

शेवटचा माणूस काठावर चढून सात मिनिटं झाली असतील-नसतील, तोच वरून गडगडाट आला आणि ओढा तपकिरी झाला. पाणी नव्हतंच ते, भिंत होती. ओंडके, दगड, प्यो आजोबांचे लाकडी ओटे, सगळं घेऊन ती समोरून गेली. टरबुजं गेली, तंबू गेले. काठावरची दीडशे माणसं श्वास रोखून बघत होती. टायरवाल्या पोराच्या आईने पोराला इतकं घट्ट धरलं होतं की ते रडायला लागलं.

माणसं मोजून झाली. एकही कमी नव्हतं.

* * *

दोन दिवसांनी गावच्या सभागृहात नदी विभागाच्या मुख्य बाई आल्या. पांढऱ्या केसांच्या, कडक. त्यांनी सगळ्यांसमोर वाकून नमस्कार केला आणि आपल्या विभागाची चूक मोकळेपणाने कबूल केली. यापुढे प्रत्येक खांबाजवळचा एक रहिवासी चाचणी ऐकेल आणि स्वतः कळवेल, असं त्यांनी जाहीर केलं.

"शाबास, मुलांनो," त्या म्हणाल्या. "आम्ही दोन वर्षं नुसते बोलत होतो. ऐकू जातंय का, हे तुम्ही विचारलंत."

टाळ्यांचा कडकडाट झाला. प्यो आजोबांनी मुलांसाठी सबंध तीन कोंबड्या शिजवून आणल्या होत्या. "ओटे काय, नवे ठोकीन," ते तिघांच्या पाठी थोपटत म्हणाले. "दोक्सू पण वाचला. भोंगा वाजल्याबरोबर सगळ्यांत आधी डोंगर तोच चढला, लबाड!" मग मुख्य बाईंनी मावशीचं नाव पुकारलं. मावशी संकोचाने उठली. सही केल्याबद्दल कुणी काही बोलेल, म्हणून ती आधीच लाल झाली होती. पण आधी पाचही आज्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्यांच्याहून जोरात वाजवल्या त्या दाओमने.

गर्दी पांगल्यावर ग्यूरी बान साहेबांजवळ गेली. तिच्या कपाळावर पुन्हा आठ्या होत्या.

"साहेब, मेंगकडे नव्वद खांब आहेत ना? बाकीचे सत्त्याऐंशी वाजतात का?"

बान साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"माहीत नाही," ते म्हणाले.

गेल्या महिनाभरात मोठ्या माणसांनी दिलेल्या सगळ्या उत्तरांमध्ये ग्यूरीला हे उत्तर सर्वांत आवडलं.

"यादी आहे तुमच्याकडे?" तिने वही उघडली.

"आहे."

"शाळा सुरू व्हायला अजून सहा दिवस आहेत," दाओम म्हणाली.

"आणि प्रत्येक खांबाजवळ खानावळ असते का?" हानग्योलने कोंबडीची तंगडी तोंडात धरूनच विचारलं.

बान साहेबांनी हसत हसत टेबलावर प्रांताचा नकाशा पसरला, आणि चारही डोकी त्यावर वाकली.